छोटा प्रात्यक्षिक उपग्रह अवकाशात पाठवताना: पहिल्या प्रश्नापासून पहिल्या बीकनपर्यंत

छोटा उपग्रह बनवायला निघालेल्या गटांची पहिली बैठक बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. फळ्यावर एक चौकोन काढला जातो आणि त्यात सामान भरायला सुरुवात होते. कॅमेरा हवा, जीपीएस हवं, नवी बॅटरीही तपासून बघू, शिवाय एखादा सेन्सर. दोन तासांत चौकोन गच्च भरतो. मग कुणीतरी विचारतं, "पण हा उपग्रह सिद्ध काय करणार?" आणि एका वाक्यात उत्तर कुणालाच देता येत नाही.

तंत्रज्ञान-प्रात्यक्षिक उपग्रहाचं काम इतर उपग्रहांपेक्षा वेगळं असतं. हवामानाचा किंवा दळणवळणाचा उपग्रह वर्षानुवर्षं सेवा देत राहतो. प्रात्यक्षिक उपग्रहाला आपण एका प्रश्नाचं उत्तर आणायला पाठवतो: ही वस्तू जमिनीवर चालते, ती वरही चालते का? उत्तर खाली आलं की मोहीम यशस्वी, मग उपग्रह दुसऱ्या आठवड्यात बंद का पडेना. उपग्रह तीन वर्षं फिरत राहिला आणि उत्तर आलंच नाही, तर हाती काही लागलं नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर निर्णय घेताना मी हीच कसोटी लावतो.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

२१ एप्रिल २०१३ रोजी अँटारेस रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात नासाचे तीन फोनसॅट वर गेले. अलेक्झांडर, ग्रॅहम आणि बेल अशी त्यांची नावं. प्रश्न एकच होता: बाजारात मिळणारा स्मार्टफोन उपग्रहाचा मेंदू म्हणून काम करू शकतो का? आठवडाभरात तिघेही वातावरणात शिरून जळून गेले. तोवर जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी त्यांचे संदेश पकडले होते आणि उत्तर हाती आलं होतं. प्रश्न इतका नेमका असला की एक आठवडाही पुरतो.

प्रश्न ठरला की यशाच्या तीन पातळ्या लिहून काढा. समजा, घडी घालून नेलेलं एक पातळ पटल अवकाशात नीट उघडतं का, हे तुम्हाला तपासायचं आहे. किमान यश म्हणजे टोकाला बसवलेला स्विच "उघडलं" असं सांगतो. पूर्ण यश म्हणजे उघडलेल्या पटलाचा फोटो खाली येतो. त्याहून जास्त म्हणजे पटलामुळे कक्षा किती वेगाने खाली येते याची मोजमापं मिळतात. यातलं किमान यश माहितीच्या भाषेत फक्त एक बिट आहे. त्या एका बिटाला बीकनमध्ये जागा द्या. उपग्रह स्वतःहून ठरावीक वेळाने जो छोटा संदेश सोडतो, त्यातच उत्तर असलं तर आज्ञा पोहोचली नाही, मोठी फाइल उतरली नाही, तरी मोहीम वाया जात नाही.

इथेच आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारून घ्या: यासाठी स्वतंत्र उपग्रह लागतो का? नासाच्या तंत्रज्ञान-सज्जतेच्या नऊ पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीपर्यंत जमिनीवरच्या चाचण्यांनी जाता येतं. प्रत्यक्ष अवकाशाची गरज सातवीपासून लागते. पण अवकाशात जायचं म्हणजे स्वतःचा रेडिओ, स्वतःची वीज, स्वतःचं सगळंच न्यायला हवं असं नाही. इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच प्रयोगांचा मंच म्हणून वापरायला सुरुवात केली. त्याचं नाव पोएम. जून २०२२ मध्ये पीएसएलव्ही-सी५३ सोबत पहिला पोएम वापरला गेला आणि डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ पेलोड, म्हणजे प्रयोगाची उपकरणं, होती. अशा मंचावर वीज आणि संपर्क आयता मिळतो, तुम्ही फक्त तुमचं उपकरण द्यायचं. एखादी चिप, सेन्सर किंवा लेप एवढंच तपासायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: उपग्रह बांधू नका, मंचावर जागा मागा. वाचलेली दोन वर्षं त्या उपकरणावर घालवा.

२. आकार

यावर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. १९९९ मध्ये कॅल पॉली आणि स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी क्यूबसॅटचं मानक मांडलं आणि ३० जून २००३ ला रशियाच्या रोकोट रॉकेटवरून पहिले क्यूबसॅट गेले. एक युनिट म्हणजे १० सेंमी बाय १० सेंमी बाय ११.३५ सेंमी. सध्याच्या मानकात एका युनिटला २ किलोपर्यंत वजन चालतं. तीन युनिटं एकावर एक रचली की ३-यू, अशीच पुढे ६-यू आणि १२-यू.

या मानकाचा खरा फायदा मापापेक्षा पेटीत आहे. क्यूबसॅट एका बंद पेटीतून, म्हणजे डिप्लॉयरमधून जातो. आत स्प्रिंग असते. दार उघडलं की उपग्रह रुळांवरून सरकत बाहेर पडतो. तुमच्या उपग्रहाचा एखादा स्क्रू सुटला तरी तो पेटीतच राहतो, शेजारच्या महागड्या मुख्य उपग्रहाला लागत नाही. त्या भरवशावरच रॉकेटवाले अनोळखी गटांना जागा देतात.

पहिलाच उपग्रह असेल तर मी ३-यू सुचवेन. १-यू दिसायला सोपा वाटतो, पण त्यात विजेची आणि जागेची इतकी ओढाताण होते की सगळी बुद्धी तिथेच खर्च होते.

३. रॉकेट आणि कक्षा

वर जायचे साधारण तीन मार्ग आहेत. मोठ्या रॉकेटवर इतरांबरोबर सहप्रवासी म्हणून जाणं हा सगळ्यांत रुळलेला. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह एकाच फेरीत सोडले; मुख्य प्रवासी कार्टोसॅट-२ मालिकेतला, बाकीचे १०३ सहप्रवासी. २४ जानेवारी २०२१ ला फाल्कन-९ च्या ट्रान्सपोर्टर-१ मोहिमेत १४३ गेले. बसने जायचं तर बसच्या वेळेला आणि बसच्या मार्गाने, एवढीच अट.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉन किंवा एसएसएलव्हीसारख्या लहान रॉकेटचा. इथे कक्षा आणि तारीख ठरवताना तुमचं म्हणणं जास्त ऐकलं जातं, पण किलोमागे खर्चही जास्त. तिसरा मार्ग म्हणजे मालवाहू यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जाणं आणि तिथल्या किबो प्रयोगशाळेतून बाहेर सोडलं जाणं. २०१२ पासून हे सुरू आहे. या मार्गात उपग्रह मऊ गादीत गुंडाळून जातो, त्यामुळे उड्डाणाचे हादरे कमी बसतात. मात्र स्थानकावर माणसं राहतात, म्हणून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम फार कडक असतात.

रॉकेट कंपनीशी तुमचा थेट संबंध क्वचितच येतो. मध्ये एक एकत्रीकरण करणारी संस्था असते. ती जागा विकत घेते, डिप्लॉयर देते आणि कागदपत्रं गोळा करते. तिच्याशी करार करताना दोन प्रश्न आवर्जून विचारा: उड्डाण पुढे ढकललं गेलं तर काय, आणि पेटीत बसल्यानंतर बॅटरी पुन्हा चार्ज करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर बरेचदा "नाही" असतं. त्याकडे आपण पुढे परत येऊ.

कक्षा निवडताना आधी उंची बघा. साधारण ४०० किमीवर छोटा उपग्रह वर्षभराच्या आसपास खाली येतो. ५०० किमीवर काही वर्षं टिकतो. ६०० च्या वर गेलात की हा काळ बराच लांबतो, आणि तो सूर्याच्या सक्रियतेवर खूप अवलंबून असतो. सूर्य खवळलेला असला की वरचं वातावरण फुगतं आणि उपग्रह लवकर उतरतो. काम संपल्यावर २५ वर्षांच्या आत कक्षा मोकळी करा असा जुना संकेत होता. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या उपग्रहांसाठी तो ५ वर्षांवर आणला. प्रात्यक्षिकाला आठवडे किंवा महिने पुरतात, मग दशकभर कचरा होऊन फिरायची गरजच काय? ४५० ते ५२० किमीच्या पट्ट्यात जागा मिळत असेल तर ती घ्या.

नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणांत जागा स्वस्त किंवा फुकट मिळते. ती घेताना डोळे उघडे ठेवा. मार्च २००६ मध्ये फाल्कन-१ च्या पहिल्या उड्डाणात फाल्कनसॅट-२ हा विद्यार्थ्यांचा उपग्रह होता. रॉकेट कोसळलं आणि उपग्रह प्रक्षेपण बेटावरच्याच एका शेडच्या छतातून आत पडला. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात टप्पा वेगळा होताना झालेल्या कंपनांनी त्वरणमापकांची वाचनं बिघडली, आणि उपग्रह वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किमीच्या कक्षेत सुटले. ७६ किमी म्हणजे वातावरणच. त्यात विद्यार्थिनींनी घडवलेला आझादीसॅटही नष्ट झाला. पुढच्या वर्षी, १० फेब्रुवारी २०२३ ला, एसएसएलव्हीचं दुसरं उड्डाण यशस्वी झालं आणि आझादीसॅट-२ कक्षेत पोहोचला.

म्हणून दोन उपग्रह बांधा. नासाचा नॅनोसेल-डी हा शीड उघडून बघणारा उपग्रह ऑगस्ट २००८ मध्ये फाल्कन-१ च्या तिसऱ्या उड्डाणात होता; रॉकेट अपयशी ठरलं आणि तोही नष्ट झाला. पण त्याची जुळी प्रत तयार होती, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तीच वर गेली. दुसरी प्रत बांधायला पहिलीइतके कष्ट पडत नाहीत, कारण चुका पहिलीतच होऊन गेलेल्या असतात. शिवाय पहिली वर असताना दुसरी टेबलावर असली, तर वर काय बिघडलंय ते तिच्यावर करून बघता येतं.

४. परवानग्या: सोल्डरिंगच्या आधी

गट सगळ्यांत उशिरा हात घालतात तो या कामात, आणि सगळ्यांत जास्त वेळ यालाच लागतो. उपग्रहाच्या रेडिओ वारंवारतेची नोंद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे तुमच्या देशाच्या सरकारमार्फत करावी लागते. शक्यतो ती वापर सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी व्हावी अशी अपेक्षा असते. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झसारखे हौशी पट्टे वापरायचे असतील तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाशी समन्वय करावा लागतो, आणि मोहिमेचा हेतूही हौशी रेडिओच्या व्याख्येत बसावा लागतो. व्यापारी उत्पादनाची चाचणी त्या पट्ट्यात चालत नाही.

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खाजगी उपग्रहाचीही जबाबदारी देशावर येते. त्यामुळे देशाची परवानगी, संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीसाठी माहिती आणि पृथ्वीचे फोटो काढणार असाल तर त्याचा वेगळा परवाना, ही सगळी कागदं लागतात. याकडे कानाडोळा करणाऱ्यांचं काय होतं, तेही घडून गेलंय. जानेवारी २०१८ मध्ये स्वॉर्म या कंपनीचे चार स्पेसबी उपग्रह एफसीसीने परवानगी नाकारलेली असतानाही वर गेले. उपग्रह फक्त १० बाय १० बाय २.८ सेंमीचे होते. इतकी लहान वस्तू रडारवर खात्रीने दिसणार नाही, हा एफसीसीचा आक्षेप होता. कंपनीला ९ लाख डॉलर भरावे लागले.

५. बांधणी: वीज, रेडिओ आणि एक हट्टी संगणक

विजेचा हिशेब पहिल्या दिवशीच करा. सूर्याची ऊर्जा चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट मिळते. १-यू च्या एका बाजूवर साधारण ३० चौरस सेंमीचे दोन सौर घट बसतात. त्यांची कार्यक्षमता २९ टक्के धरली तर ऊन अगदी समोरून असताना २.४ वॉटच्या आसपास वीज मिळते. पण ऊन कायम समोरून नसतं, आणि ९५ मिनिटांच्या फेरीत साधारण ३५ मिनिटं सावलीची असू शकतात. म्हणून सरासरी बरीच खाली येते. उपग्रहाचं तोंड सूर्याकडे आहे असं धरून हिशेब करू नका. तो गडगडत फिरतोय असं धरा, कारण पहिले काही दिवस तो खरोखर तसाच फिरत असतो. तो शांत करायला नेहमी महागडी यंत्रणा लागते असंही नाही. जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ ने गेलेला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्वयम् किलोभराचा होता, आणि वीज न वापरता केवळ चुंबकांच्या जोरावर उपग्रहाची दिशा राखता येते का, हेच त्याला दाखवायचं होतं.

रेडिओचा हिशेबही तितकाच बोलका आहे. ग्राउंड स्टेशनवरून, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून, उपग्रह एका वेळी जास्तीत जास्त दहाएक मिनिटं दिसतो. सेकंदाला ९६०० बिटचा वेग धरला तर दहा मिनिटांत ५७.६ लाख बिट, म्हणजे ७२० किलोबाइट. हे कागदावर. क्षितिजाजवळचा कमजोर भाग, हरवलेली पॅकेटं, पुन्हा मागवणं हे सगळं वजा केलं की निम्मंही हाती आलं तर चांगलं. अशा पाइपातून पाच मेगाबाइटचा फोटो उतरवायला दिवस जातात. म्हणून आधी अंगठ्याएवढा फोटो, मग त्यातला हवा तो तुकडा, आणि पूर्ण फोटो सर्वांत शेवटी. प्रश्नाचं उत्तर ज्यात आहे तो तुकडा रांगेत सर्वांत पुढे.

संगणकाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण छोटे उपग्रह रॉकेटमुळे वाया जातात तसेच स्वतःच्या सॉफ्टवेअरमुळेही वाया जातात.

मे २०१५ मध्ये लाइटसेल-१ वर गेला. सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणाऱ्या सौर शिडाची घडी उलगडते का, हा त्याचा प्रश्न. दोन दिवसांनी तो गप्प झाला. कारण सापडलं ते एका साध्या फाइलमध्ये. प्रत्येक बीकनची नोंद त्या फाइलमध्ये जोडली जात होती, ती ३२ मेगाबाइटच्या वर गेली आणि संगणक अडकला. पुन्हा सुरू हो अशी आज्ञा ऐकण्याच्याही अवस्थेत तो नव्हता. शेवटी आठएक दिवसांनी तो आपोआप रीसेट झाला. एखाद्या विद्युतभारित कणाच्या धडकेने तसं झालं असावं असा अंदाज आहे. मग शीड उघडलं आणि फोटोही आला.

एक वर्ष आधी किकसॅटचं याच्या नेमकं उलट झालं. एप्रिल २०१४ मध्ये गेलेल्या या ३-यू उपग्रहाच्या पोटात बिस्किटाएवढे १०४ चिमुकले उपग्रह होते. ठरलेल्या दिवसांनी घड्याळ वाजलं की ते बाहेर पडणार होते. मधेच घड्याळ रीसेट झालं, उलटी मोजणी पहिल्यापासून सुरू झाली आणि बाहेर पडण्याची तारीख ४ मेवरून १६ मेवर गेली. १४ मेला किकसॅट वातावरणात शिरला, पोटातले सगळे उपग्रह पोटातच घेऊन.

या दोन मोहिमांमधून निघणाऱ्या सूचना अगदी ठोस आहेत. मुख्य संगणकाबाहेर एक स्वतंत्र वॉचडॉग ठेवा, जो ठरावीक वेळात संगणकाकडून खूण आली नाही तर वीज तोडून पुन्हा जोडेल. त्याशिवाय दिवसातून एकदा, काहीही बिघडलेलं नसलं तरी, सगळं आपोआप बंद होऊन सुरू होऊ द्या. प्रत्येक फाइलला कमाल आकार ठरवून द्या. कुठवर आलो होतो याची नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, तीन ठिकाणी ठेवा आणि वाचताना बहुमताने ठरवा. प्रयोग सुरू होण्याची वेळ फक्त घड्याळावर सोपवू नका; जमिनीवरून आज्ञा देऊनही तो सुरू करता आला पाहिजे, आणि आज्ञा कधीच आली नाही तर आपोआपही सुरू झाला पाहिजे. प्रत्येक भागाला विद्युतप्रवाहाची मर्यादा लावा, कारण एखाद्या कणाने चिपमध्ये शॉर्टसर्किटसारखी स्थिती निर्माण केली तर वीज लगेच तोडणं हाच उपाय असतो.

६. चाचण्या: इथे घाई नको

कंपन चाचणीत उपग्रह त्याच्या पेटीसकट टेबलावर बसवून २० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात हलवला जातो, तिन्ही अक्षांवर. नासाच्या सर्वसाधारण मानकात लहान वस्तूंसाठी पात्रता पातळी १४.१ जी आरएमएस (सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या १४.१ पट हादरे) आहे. तुमच्या रॉकेटची पातळी करारातल्या कागदात असते. खरी माहिती मोठ्या हादऱ्यापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर घेतलेल्या हलक्या साइन चाचणीतून, म्हणजे एकेका वारंवारतेने हलवण्याच्या चाचणीतून, मिळते. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवा. उपग्रहाची नैसर्गिक वारंवारता सरकली असेल तर आत काहीतरी सैल झालंय. सगळं चालू दिसत असलं तरी उघडून बघा.

थर्मोव्हॅक म्हणजे निर्वात कोठीत थंड-गरम आवर्तनं. त्याआधी उपग्रह गरम निर्वातात भाजून घेतात, म्हणजे गोंद आणि प्लास्टिकमधून सुटणारी वाफ शेजाऱ्याच्या भिंगावर बसत नाही. सामान निवडतानाच निर्वातात एकूण वस्तुमानाच्या १ टक्क्याहून जास्त घट होणारं किंवा ०.१ टक्क्याहून जास्त चिकट बाष्प सोडणारं काहीही वापरू नका.

आमच्या गटाची एक गोष्ट सांगतो. आमचा अँटेना मोजपट्टीसारख्या स्टीलच्या पातीचा होता. ४३७ मेगाहर्ट्झला तरंगलांबीचा चौथा भाग म्हणजे १७ सेंमी, तेवढी प्रत्येक पाती. घडी घालून नायलॉनच्या धाग्याने बांधलेली, धागा एका रेझिस्टरवरून गेलेला. रेझिस्टर तापला की धागा वितळतो आणि पाती सटकन उघडते. टेबलावर चार सेकंदांत उघडायची, दहापैकी दहा वेळा. थर्मोव्हॅकमध्ये उणे २० अंशांना आज्ञा सुटली आणि काहीच झालं नाही. कोठीच्या लहानशा काचेतून टॉर्च मारून बघितलं, तर धागा तसाच ताणलेला. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. नोंदी वाचल्यावर कळलं, की थंड बॅटरी रेझिस्टरचा भार आला की दम टाकत होती, व्होल्टेज पडत होतं, संगणक रीसेट होत होता, आणि जागा झाल्यावर "आपण आत्ताच रॉकेटमधून सुटलोय" असं समजून तीस मिनिटांची वाट बघायला बसत होता. टेबलावरच्या चाचणीत आम्ही बॅटरीऐवजी वीजपुरवठ्याचा खोका जोडला होता, म्हणून हे कधी दिसलंच नाही. अवकाशात असं झालं असतं तर उपग्रह ठणठणीत असूनही कायमचा मुका राहिला असता.

आम्ही चार बदल केले. धागा जाळताना बाकीचे सगळे भार बंद. बॅटरीचं तापमान आणि व्होल्टेज पुरेसं असेल तरच प्रयत्न. दुसरा रेझिस्टर, स्वतंत्र तारेने. आणि प्रयत्नांची संख्या टिकाऊ स्मृतीत. ठरलेले प्रयत्न संपले की अँटेना मिटलेला असला तरी बीकन सोडायचा. क्षीण का होईना, मोठ्या डिशला ऐकू जाऊ शकतो.

या दोन चाचण्यांइतकीच महत्त्वाची, पण बिनखर्चाची तिसरी चाचणी म्हणजे उपग्रहाला एकटं सोडणं. बॅटरीवर आणि कृत्रिम उन्हाखाली किंवा त्याच्या बरोबरीच्या वीजपुरवठ्यावर ठेवा, पेटीतून सुटल्याचा इशारा द्या आणि दोन आठवडे हात लावू नका. बोलायचं ते फक्त रेडिओवरून, खऱ्या ग्राउंड स्टेशनच्या सॉफ्टवेअरने, आणि दिवसातून मोजकी मिनिटं. ३२ मेगाबाइटची फाइल अशाच चाचणीत सापडते.

७. ताबा देताना

उपग्रह पेटीत बसवण्याआधी रुळांची माप-तपासणी होते. रूळ कठीण अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे लागतात. त्यावर गोंदाचा थेंब किंवा लेपाचा थर राहिला तर उपग्रह अडकतो. रुळांच्या टोकाचे स्विच दाबलेले असेपर्यंत उपग्रह पूर्ण बंद असतो. ते शंभर वेळा दाबून-सोडून बघा. "उड्डाणापूर्वी काढा" अशी लाल पट्टी असलेली पिन काढल्याचा फोटो घ्या, तारीख-वेळेसह. लिथियम बॅटरी विमानाने न्यायची तर यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा दाखला आधीच हातात हवा, नाहीतर सगळा उपग्रह विमानतळावर अडकून बसतो.

आता तो चार्जिंगचा प्रश्न. पेटीत गेल्यावर उड्डाण तीन-चार महिने लांबणं अगदी नेहमीचं आहे. बंद उपग्रहही थोडी वीज गळतीतून गमावत असतो. ती गळती मायक्रोअँपिअरमध्ये मोजा, सहा महिन्यांनी गुणा आणि मग ठरवा. हिशेब बसत नसेल तर स्विच बॅटरीच्या अगदी शेजारी आणा. शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी नुसत्या उन्हावर उपग्रह जागा होतो का, हे बांधणीच्या वेळीच करून बघा.

८. सुटल्यानंतर

क्यूबसॅटच्या रूढ नियमानुसार पेटीतून सुटल्यावर ३० मिनिटं काही उघडायचं नाही आणि ४५ मिनिटं रेडिओ सोडायचा नाही. शेजारी गर्दी असते.

पहिल्या दिवशी तुमचा उपग्रह नेमका कुठे आहे हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. एका फेरीत डझनावारी उपग्रह सुटले की रडारला ठिपके दिसतात, नावं दिसत नाहीत. कक्षेचे आकडे जाहीर होतात तेव्हा "वस्तू अ, वस्तू ब" असेच असतात. तुमचा कोणता, ते रेडिओवरून ओळखता येतं. ४३७ मेगाहर्ट्झला उपग्रह येताना आणि जाताना वारंवारता डॉपलर परिणामामुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, वर-खाली साधारण १० किलोहर्ट्झ सरकते. हा सरकण्याचा आलेख प्रत्येक ठिपक्याच्या अपेक्षित आलेखाशी ताडून बघा. एकाशी जुळतो, बाकीच्यांशी वेळ चुकते. यात जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची आणि सॅटनॉग्ससारख्या ग्राउंड स्टेशनांच्या खुल्या जाळ्यांची मदत अमूल्य आहे. म्हणून बीकनची रचना उड्डाणाआधीच जाहीर करा. तुमच्या डोक्यावरून उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा जातो. त्यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर तो बराच वेळ असतो.

उपग्रह एकदा डोक्यावरून जातो त्याला पास म्हणतात. पहिल्या पासला एकही आज्ञा पाठवू नका, फक्त ऐका. बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि रीसेटची संख्या हे तीन आकडे नोंदवा. पुढच्या पासला तेच आकडे पुन्हा घ्या आणि तुलना करा. रीसेटची संख्या वाढत असेल तर आधी कारण शोधा. सगळं स्थिर असेल तर प्रयोग पहिल्याच आठवड्यात करा. बरेच गट महिनाभर "उपग्रहाची ओळख करून घेत" बसतात, आणि त्या महिन्यात एखादा भाग जातो. किमान यशाचं ते एक बिट आधी खाली आणा, बाकीचं सावकाश.

आणि उपग्रह बोललाच नाही तर? वारंवारता थोडी सरकली असेल म्हणून आजूबाजूचा पट्टा ध्वनिमुद्रित करून ठेवा. मोठ्या डिश असलेल्या संस्थांना एखाद्या पासची विनंती करा. टेबलावरच्या जुळ्या प्रतीवर एकेक बिघाड मुद्दाम घडवून बघा आणि प्रत्येकासाठी कोणती आज्ञा उपयोगी पडेल ते लिहून काढा. मग त्या आज्ञा आंधळेपणानेच, पण क्रमाने पाठवत राहा. नॅनोसेल-डी च्या दुसऱ्या प्रतीला डिसेंबर २०१० मध्ये, ज्याच्या पोटात ती गेली होती त्या मोठ्या उपग्रहातून बाहेर पडायची आज्ञा मिळाली होती, पण ती बाहेर आल्याचं चिन्ह दिसेना. सहा आठवडे काहीच नाही. १७ जानेवारी २०११ ला ती आपणहून बाहेर पडली. नासाने हौशी रेडिओवाल्यांना कान लावायला सांगितलं, बीकन सापडला आणि तीन दिवसांनी १० चौरस मीटरचं शीड उघडलं. म्हणून उपग्रह गप्प राहिला तरी निदान सहा महिने ग्राउंड स्टेशनचा अँटेना छतावरून उतरवू नका, आणि प्रत्येक पासचं ध्वनिमुद्रण आपोआप चालू राहील अशी सोय करून ठेवा.